यशिका-डी: शोकेसमधून हर्णे बंदरावर

१२ ऑक्टोबर २०२५, दापोली

"म्याडम, तो कॅमेरा चालतो का?"

डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेल्या कॉलेजच्या एका पोराने विचारलं. आमच्या मेडिकलमध्ये काउंटरमागच्या काचेच्या कपाटात, गणपतीच्या तसबिरीशेजारी, तो एकोणीस वर्षं बसलाय. रोज सकाळी उदबत्ती ओवाळताना थोडा धूर त्यालाही मिळतो. चालतो की नाही, मला खरंच ठाऊक नव्हतं. "शोभेचा आहे रे," म्हटलं आणि सुटे पैसे दिले.

मागे खुर्चीत, हा कॅमेरा ज्यांचा ते आप्पा पेपर वाचत होते. तेव्हा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "शोभेचा म्हणे! तुझी फार्मसीची फी काय शोकेसने भरली?"

झोप येईना, म्हणून ही वही काढली.

कॅमेरा यशिका-डी. जपानी, एकाखाली एक अशा दोन लेन्सचा. वरच्या लेन्समधून बघायचं, फोटो खालच्या लेन्समधून. हे मॉडेल १९५८ च्या सुमारास निघालं. आप्पांनी १९७१ साली मुंबईहून सेकंडहँड आणला आणि २००६ साली आपला फोटो स्टुडिओ बंद करेपर्यंत वापरला. १२० नंबरचा रोल, सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो. सेल नाही, लाइट मीटर नाही, वायर नाही. आत फक्त कमानी, दाते आणि पाती.

ठरवलेलं काम असं: शिमग्यापर्यंत सहा रोल. विषय हर्णे बंदर, कारण दुकान दुपारी बंद केलं की पाऊण तासात तिथे पोचता येतं. रोल घरी धुवायचे. ज्याचा फोटो त्याला कागदावर कॉपी द्यायची.

१४ ऑक्टोबर

पहिली तपासणी. मागचं झाकण उघडलं, कॅमेरा ट्यूबलाइटकडे केला आणि मागून फोनने स्लो मोशनमध्ये शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी पाती, टिपलं. फोन सेकंदाला २४० चित्रं घेतो, म्हणजे १/३० सेकंदाच्या वेगाला शटर आठ चित्रांपुरतं उघडं दिसायला हवं. दिसलं तेरा. १/६० ला चारच्या जागी पाच. १/१२५ ला दोन, ते बरोबर. त्याहून जलद वेग या पद्धतीने मोजता येत नाहीत.

एक सेकंदाला मात्र मजा. दाबलं, पाती उघडली, आतून घर्रर्र असा म्हाताऱ्या माणसाच्या घशासारखा आवाज आला, मग तोही थांबला. पाती उघडीच. हलकेच टिचकी मारली तेव्हा मिटली.

कारण साधं आहे. हळू वेगांसाठी आत घड्याळासारखी दात्यांची एक छोटी साखळी असते, ती शटरला रोखून धरते. जुनं वंगण सुकून चिकट झालं की ती अडखळते. जलद वेगांना या साखळीचं फारसं काम पडत नाही, म्हणून ते अजून धड.

आप्पांना आकडे वाचून दाखवले. पाचशेचं, म्हणजे १/५०० चं विचारलं तर म्हणाले, "पाचशे कधी पाचशे नव्हतंच. नवा होता तेव्हापण नव्हतं."

१६ ऑक्टोबर

बुरशी. टॉर्च तिरका धरून पाहिलं तर वरच्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. ती लेन्स फक्त बघायची, तिचं एवढं नाही. पण खालच्या लेन्समध्येही, पुढच्या काचेच्या मागच्या अंगाला, कडेने एक पांढुरकं फूल उमललंय.

नवल काहीच नाही. चार महिन्यांच्या पावसात इथे चपलांना, पट्ट्यांना, लग्नाच्या अल्बमला बुरशी येते. लेन्सने काय घोडं मारलंय? अंधार, दमट हवा आणि काचेवरची थोडी धूळ एवढं तिला पुरतं. कातड्याची केस म्हणजे तर तिचं माहेर. कॅमेरा केसमध्ये न ठेवता काचेच्या कपाटात उजेडात ठेवला, हे नकळत बरंच झालं म्हणायचं.

दुकानातल्या गोळ्यांच्या रिकाम्या बरण्यांतून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या निघतात. आजवर फेकत होते. आता साठवायला घेतल्या.

१९ ऑक्टोबर

कॅमेरा दुरुस्त करणारं तालुक्यात कुणी उरलेलं नाही. मुंबईला पाठवायचा तर कुरिअरवाल्यांची फेकाफेकी डोळ्यांसमोर येते. आप्पा म्हणाले, बाजारातल्या घड्याळवाल्याकडे ने.

घड्याळवाले काका सत्तरीचे. डोळ्याला भिंग लावून कॅमेऱ्याकडे बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "आत आपल्याच नात्यातलं दिसतंय."

समोरचं कातडं त्यांनी चिमट्याने इतकं हळू सोलून काढलं की जणू जखमेवरची पट्टी. खाली चार स्क्रू. प्रत्येक स्क्रू औषधाच्या डबीच्या वेगवेगळ्या झाकणात, झाकणं ओळीने, आणि दर पायरीला माझ्या फोनवर एक फोटो, कारण "उघडणं पोरसुद्धा करतं, लावायचं कुणी?" हळू वेगांची ती साखळी निघाली ती अंगठ्याच्या नखाएवढी. घड्याळाचं मशीन धुतात तशी पांढऱ्या पेट्रोलात धुतली. वाटीच्या तळाशी चहाच्या रंगाचा गाळ बसला.

मग त्यांनी सवयीने तेलाची सुई उचलली आणि मी जवळजवळ ओरडलेच. आप्पांनी निघताना तीनदा बजावलं होतं: पात्यांना तेल नाही. पाती कोरडी चालतात. थेंबभर तेल गेलं तरी ती एकमेकींना चिकटून बसतात. काका थोडे रागावले. "चाळीस वर्षं तेल घालतोय," म्हणाले. शेवटी साखळीच्या दोन खुंट्यांना टाचणीच्या टोकाएवढं तेल, आणि पाती कोरडी, यावर समेट झाला.

पुढची काच सुटी झाली होती तेवढ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि दोन थेंब अमोनिया लावून पुसली. फूल गेलं. पण त्याच्या जागी काचेच्या मुलाम्यावर धुरकट नक्षी राहिली. बुरशी जाते, तिने खाल्लेलं परत येत नाही.

२७ ऑक्टोबर

दिवाळी संपली, कॅमेरा घरी. एक सेकंद आता एक सेकंदाच्या किंचित वर. १/३० ला नऊ चित्रं. काकांनी पैसे घड्याळाच्या सर्व्हिसिंगएवढेच घेतले.

२ नोव्हेंबर

मुंबईहून रोल आले. इलफर्डचा एचपी-५ प्लस, ब्लॅक अँड व्हाइट, उजेडाच्या संवेदनशीलतेत ४०० चा. एक रोल कुरिअर धरून हजाराच्या आसपास, म्हणजे एक फोटो ऐंशी रुपयांच्या वर. आप्पांच्या काळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोल मिळायचे, सरकारी कारखान्यातले. एक्स-रेची फिल्मही तिथली यायची. कारखाना केव्हाच बंद पडला. आप्पांना इंदूचं फार कौतुक होतं असं नाही. "वेळेवर आला तर चांगला रोल," एवढंच त्यांचं प्रमाणपत्र.

रोल भरायची तालीम आप्पांनी एका जुन्या वाया गेलेल्या रोलवर करून घेतली. १२० ला ३५ एमएमसारखी डबी नसते. फिल्मच्या पाठीला काळा कागद, आणि दोन्ही मिळून रिकाम्या रिळावर गुंडाळत जायचं. कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या लाल खुणेसमोर आला की थांबायचं, झाकण लावायचं, मग पहिल्या आकड्यापर्यंत फिरवायचं. शेवटच्या फोटोनंतर कागद पूर्ण गुंडाळून घ्यायचा आणि चिकटपट्टी जिभेने ओली करून लावायची. आप्पा म्हणतात, एका लग्नात चार रोल म्हणजे चार वेळा ती गोंदाची चव, वर जेवणाची पंगत.

दुसरा धडा: रोल फिरवणं वेगळं आणि शटरचा चाप ओढणं वेगळं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. रोल न फिरवता चाप ओढून पुन्हा फोटो काढलात तर कॅमेरा बिनतक्रार काढतो. "आधी वेग लाव, मग चाप ओढ. उलटं करू नको."

तिसरा धडा उजेडाचा. मी फोनमधलं लाइट मीटरचं ॲप दाखवलं. आप्पांनी ते बघितलं, बाहेर अंगणात बघितलं आणि म्हणाले, "डोळे गहाण टाकलेस की काय? लिही." तर लिहून घेतलं, ४०० च्या रोलसाठी (आधीचा आकडा शटरच्या वेगाचा, २५० म्हणजे १/२५० सेकंद; नंतरचा लेन्सच्या छिद्राचा, आकडा मोठा तितकं छिद्र लहान):

बंदरावर भर उन्हात, वाळू आणि पाणी चमकत असताना, २५० वर बावीस. ऊन तेच पण चेहरा टोपीखाली किंवा टोपलीच्या सावलीत असेल तर अकरा. पातळ ढग, अकरा. माडांच्या वाडीत १२५ वर पाच-सहा, पोफळीत आणखी एक घर, म्हणजे छिद्राचा एक टप्पा, खाली.

"आणि शंका आली तर सावलीच्या बाजूने चूक. निगेटिव्हमध्ये सावलीच आली नाही तर धुताना कुठून आणशील?"

ॲपशी ताडून पाहिलं. एका घराच्या वर फरक कुठेच नाही. त्यांना सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर, हर्णे

पहिला रोल. साडेचारला पोचले. होड्या बाहेर खोल पाण्यात उभ्या, मासळी छोट्या होडक्यांतून आणि बैलगाड्यांतून किनाऱ्याला. गाडी पोटापर्यंत पाण्यात जाते, बैल माना वर धरून उभे. वाळूवर लिलाव चालू. पाठीमागे समुद्रात सुवर्णदुर्ग, जुलैत युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतला एक. लिलाव त्याच्याकडे पाठ करून.

कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून बघायचं. वरचं झाकण उघडलं की आत घासलेली काच, तिच्यावर बंदर, पण डावं-उजवं उलटं. हे माहीत असणं वेगळं आणि समोरून बैलगाडी येत असणं वेगळं. गाडी चौकटीबाहेर डावीकडे निघाली म्हणून मी कॅमेरा डावीकडे वळवला, ती आणखी जोरात पळाली. पहिले तीन फोटो असे गेले: एकात नुसतं चाक, एकात नुसता समुद्र, एकात माझ्याकडे बघून हसणारा खलाशी.

उन्हात ती काच फिकट दिसते. भिंग वर काढून डोळा जवळ नेला तर फोकस नीट जमतो, पण मग आपण आजूबाजूचं काही बघत नाही. एका बैलाने मला हे शिंगाने समजावलं. लागलं नाही.

एक गोष्ट खरी. फोन वर धरला की बायका पदर सावरतात नाहीतर तोंड फिरवतात. इथे मी मान खाली घालून उभी, डब्यात बघतेय. कुणाला काही वाटलं नाही. एक मावशी पाट्या उतरवता उतरवता जवळ आल्या, डब्यात डोकावल्या. "अगो, आतमधी बंदर हाय की!" मग चार जणी रांगेने बघून गेल्या. दहा मिनिटं त्यातच गेली आणि लिलावातली सुरमई विकून संपली.

११ नोव्हेंबर

रोल धुणं. हा दिवस नीट लिहायला हवा.

डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, डी-७६. तयार पाकीट न आणता सुटी रसायनं मागवली होती, वजनकाटा दुकानातलाच. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. कोमट पाण्यात याच क्रमाने, फक्त मेटॉलच्या आधी चिमूटभर सल्फाइट. सरबत करण्याइतकं सोपं. उमटलेलं चित्र पक्कं करणारा हायपो लिटरला २५० ग्रॅम.

पहिली मारामारी अंधारात. रोल काळ्या पिशवीत हात घालून प्लॅस्टिकच्या चक्रीवर चढवायचा. पाच मिनिटांत पिशवीच्या आत माझ्या हातांना घाम, घामाने हवा दमट, हवेने फिल्म चिकट, आणि फिल्म अर्ध्यावर अडकली. पुढे जाईना, मागे येईना. पंचवीस मिनिटं मी त्या पिशवीत हात घालून बसले होते आणि दारात गिऱ्हाईक "म्याडम, बीपीची गोळी" म्हणत उभं.

दुसरी मारामारी पाण्याची. पुस्तकी वेळ २० अंशांची: डी-७६ निम्मा, पाणी निम्मं, ११ मिनिटं. आमच्या नळाचं पाणी २९. डेव्हलपर फ्रीजमध्ये ठेवून बरोबर २० वर आणला, चक्री ठेवलेल्या बंद टाकीत ओतला आणि निर्धास्त राहिले. शेवटी थर्मामीटर बुडवला तर २५. अकरा मिनिटांत खोलीने आणि माझ्या हातांनी तो तापवला होता. डेव्हलपर जितका गरम तितका जोरात काम करतो. एक अंश वाढला की वेळ साधारण दहावा हिस्सा कमी करायची. मी काहीच कमी केली नव्हती.

निगेटिव्ह वाळल्यावर आप्पांनी खिडकीशी धरली. आकाशाच्या जागी नुसतं काळं, मासळीच्या जागी काळं. कडेला अर्धचंद्रासारखे चार डाग, पिशवीतल्या झटापटीत फिल्म दुमडली त्याचे.

"तवा केलास," म्हणाले.

१२ नोव्हेंबर

आप्पा उन्हाळ्यात कसं करायचे ते आज पहिल्यांदा विचारलं. एवढी वर्षं एका घरात राहून विचारलं नव्हतं.

टाकी नव्हतीच. ट्रे. पूर्ण काळोखात रोलची दोन टोकं दोन हातांत धरून, मधला भाग डेव्हलपरमध्ये बुडवत, एक हात वर एक खाली, खाली-वर, खाली-वर, तोंडाने आकडे मोजत. वेळ मोजायला घड्याळ कुठलं, तीनशेपर्यंत मोजायचे. आणि एप्रिल-मे महिन्यात आदल्या संध्याकाळी हर्णेहून बर्फ. मासळीचा. पोत्यात, भाताच्या तुसात गुंडाळून एसटीच्या टपावर. सकाळपर्यंत अर्धा उरायचा, तो पुरायचा.

"माठातलं पाणी का नाही?" मी विचारलं.

"घाटावर चालतं. इथे माठ रडतो, गार होत नाही."

बरोबरच आहे. माठ गार होतो तो पाणी झिरपून वाळतं म्हणून; इथल्या दमट हवेत वाळणार कसं?

म्हणजे या कॅमेऱ्याला वीज लागत नाही, सेल लागत नाही, बर्फ लागतो.

१७ नोव्हेंबर

दुसरा रोल. आता पद्धत अशी: २० चा हट्ट सोडला. सगळं २४ वर. घमेल्यात पाणी, त्यात डेव्हलपरची, हायपोची आणि धुवायच्या पाण्याची भांडी एकत्र उभी, मधोमध टाकी. पारा वर सरकला की बर्फाचा एक खडा. वेळ आठ मिनिटांच्या जराशी आत. शेवटची विसळणी डिस्टिल्ड वॉटरने, ते दुकानात असतंच.

आणि रोल चक्रीवर चढवायला पिशवी बाद. रात्री साडेनऊला नेमकी वीज गेली. सगळी आळी डार्करूम! मोरीचं दार लावलं, फटीला टॉवेल, दोन मिनिटांत फिल्म चढली. महावितरणचे आभार मानायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली.

बारापैकी नऊ निगेटिव्ह स्वच्छ. वाळूचा कण न् कण, आणि बोट चालवणाऱ्या एका तांडेलाच्या हाताच्या शिरा. आप्पांनी भिंगातून पाहिलं आणि काही न बोलता दुसऱ्या टोकापर्यंत पाहत गेले.

बर्फाच्या घमेल्याला बांगड्याचा वास. दोन दिवस जाईना.

३० नोव्हेंबर, हर्णे

तिसरा रोल. बैलगाडीवाल्या एका दादांनी गाडी मुद्दाम थांबवली. दोन्ही बैल पांढरे. समोर उभी राहून फोकस केला. ते नावं सांगत होते, मी मान खाली घालूनच वहीत लिहिलं: डावा सर्जा, उजवा बाळ्या. १२५ वर सोळा.

पाट्यावाल्या मावशींचा फोटो अगदी जवळून, मीटरभर अंतरावरून.

४ डिसेंबर

मावशींचं कपाळ कापलं गेलं. बघायची लेन्स वर, फोटो काढायची खाली. दूरच्या वस्तूला फरक पडत नाही, जवळच्याला पडतो. काचेवर आंबाड्यातल्या फुलासकट दिसत होत्या, फिल्मवर भुवयांपासून खाली. आता जवळचा फोटो असेल तर डोक्यावर मोकळी जागा सोडायची, किंवा बघून झाल्यावर कॅमेरा दोन-तीन बोटं वर उचलायचा.

सूर्याकडे तोंड करून काढलेले दोन फोटो दुधाळ. ती बुरशीची नक्षी. काळ्या पुठ्ठ्याचं नळकांडं करून लेन्सवर चढवलं.

२१ डिसेंबर

आप्पांबरोबर माझा एक फोटो असावा म्हणून सेल्फ टायमर लावला. बारीक कांडी 'व्ही'वर सरकवली, दाबलं, धावत जाऊन खुर्चीशेजारी उभी राहिले. टकटक सुरू झालं. हसून हसून गाल दुखायला लागले. टकटक थांबलं. फोटो निघालाच नाही. कांडी मध्येच अडकलेली, शटर दाबेना, चाप हलेना.

"व्हीला हात लावायचा नाही," आप्पा म्हणाले. "सांगायचं राहिलं."

२३ डिसेंबर

घड्याळवाले काका, पुन्हा. टायमरची साखळी वेगळी असते, मागच्या वेळी ती धुतलीच नव्हती. या वेळी त्यांनी तेलाची सुई बाहेर काढली नाही. मीही काही बोलले नाही.

११ जानेवारी २०२६

चौथा रोल. थंडी बरी पडलीय, पहाटे नळाचं पाणी २३. बर्फाशिवाय धुतला. आकाशासाठी आप्पांचा पिवळा फिल्टर लावून पाहिला, एक घर उघडून. इथलं आकाश दुपारी पांढरंफटक असतं, फिल्टर बिचारा काय करणार. सकाळी आठच्या आत मात्र फरक दिसतो.

सहावा आणि सातवा फोटो एकावर एक. रोल फिरवायला विसरले. सुवर्णदुर्गाच्या तटातून कोळंबीची टोपली निघालीय. भाचीने बघून "मावशी, कसलं आर्टिस्टिक!" म्हटलं. माझ्या हिशेबी ऐंशी अधिक ऐंशी, एकशे साठ रुपये पाण्यात.

२५ जानेवारी

कॉपी. मोठ्या करायचं यंत्र स्टुडिओ विकताना गेलं, म्हणून निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून वर काच, निगेटिव्हएवढीच कॉपी. चौकोनी, तळहातात मावणारी.

झिरोचा लाल बल्ब कागदाला चालतो का, हे आप्पांच्या युक्तीने तपासलं: कोऱ्या कागदावर रुपयाचं नाणं ठेवून पाच मिनिटं लाल उजेडात सोडायचा, मग धुवायचा. नाण्याचा गोल पांढरा उमटला, भोवती राखाडी. म्हणजे नाही चालत, बल्बच्या रंगातून पांढरा उजेड झिरपतो. दुसऱ्या कंपनीचा आणला, दूर टांगला. गोल उमटला नाही.

माळ्यावर इंदूच्या कागदाचं एक अर्धं पाकीट सापडलं. सगळा कागद आपोआप काळवंडलेला. सरावाला वापरून संपवला.

मग नवा कागद, टेबललॅम्प, चार सेकंद. ट्रेमध्ये कागद हलवत असताना आधी बैलांची शिंगं आली, मग डोळे, मग पाणी. आप्पा स्टुलावर बसून होते. ट्रे हलवायची पद्धत चुकतेय म्हणाले, मला बाजूला केलं आणि पुढच्या अकरा कॉप्या त्यांनी काढल्या.

वापरलेला हायपो त्यांनी मोरीत ओतू दिला नाही. त्यात चांदी उतरलेली असते. पूर्वी तो विकत न्यायला माणूस यायचा. तो माणूस आता येणार नाही हे त्यांनाही माहीत आहे. कॅन भरून ठेवलाय.

७ मार्च

शिमगा. पाचवा रोल पालखीवर खर्च. रात्री हॅलोजनच्या उजेडात ३० वर साडेतीन, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी. खांद्यावरची पालखी नाचते तेव्हा तीसवर काही हाती लागत नाही. एकच फोटो धड, पालखी क्षणभर टेकवली आणि बायका ओटी भरायला वाकल्या तेव्हाचा. लेन्स पूर्ण उघडी असताना कडा मऊ येतात, तीन काचांच्या या लेन्सचा तो स्वभाव. चालेल.

१० मार्च

सहावा रोल अर्धा. उन्हाळा लागला, पाणी पुन्हा २९. बर्फ.

कॅमेऱ्याची पावसाळ्याची सोय आताच करून ठेवली: घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा, तळाशी सिलिका जेल, महिन्यातून एकदा पुड्या तव्यावर गरम करून परत आत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर रविवारी बाहेर काढून सगळ्या वेगांवर दोन-दोनदा चालवायचा. कपाटात गणपतीशेजारची जागा रिकामी दिसते. परवा तोच पोरगा आला होता, "विकलात का?" विचारत होता. चालतो म्हणून सांगितलं.

२२ मार्च, हर्णे

कॉप्या वाटल्या. तांडेल समुद्रात, त्यांची कॉपी घरी दिली. मावशींनी आपलं कापलेलं कपाळ बघून आधी कपाळाला हात लावला, मग दुसरा फोटो काढल्याशिवाय सोडलं नाही. या वेळी कॅमेरा तीन बोटं वर.

बैलगाडीवाले दादा गाडी धूत होते. हात पुसून कॉपी घेतली, उन्हात धरली. मागे मी पेन्सिलीने लिहिलं होतं: डावा सर्जा, उजवा बाळ्या, हर्णे, ३० नोव्हेंबर. ते वाचलं, पुन्हा फोटो बघितला, मग बैलांकडे.

"ताई, बैल उलटे लिवलेत. हा डावीकडचा बाळ्या."

मी वही काढली. डब्यात बघत लिहिलेलं, काचेवर उलटं दिसत होतं तसंच. पेन्सिलीने खोडून पुन्हा लिहिलं: डावा बाळ्या, उजवा सर्जा. त्यांनी ती कॉपी गाडीच्या साटीखाली, विड्याच्या डब्यात ठेवली.